भूगर्भातील बाकी

माझे आजोबा बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तरी त्यांची बोली मात्र अखेरपर्यंत विलीन झाली नाही. तांदूळ तळाला गेला असे आजीने सांगितले की ते चष्मा कपाळावर सरकवून गंभीरपणे विचारीत, "ही शिल्लक रुजवातीची की अदमासाची?" रुजवातीची शिल्लक म्हणजे मोजून, तोलून, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलेली, अदमासाची म्हणजे डब्यात हात घालून बोटांना तळ किती खोल लागतो त्यावरून सांगितलेली. आजीचे उत्तर ठरलेले असे. ती म्हणे, "संपेल तेव्हा रुजवात होईलच."

दगडी कोळशाच्या जागतिक साठ्याविषयी जे लेखन मी गेली काही वर्षे वाचीत आलो, त्याचा निष्कर्ष आजीच्या या उत्तराहून फारसा वेगळा नाही, हे या पुस्तकाच्या प्रारंभीच कबूल करून टाकलेले बरे. पृथ्वीच्या पोटात कोळसा किती उरला आहे, याचे जे आकडे आपण वर्तमानपत्रांत आणि शालेय पुस्तकांत निःशंक मनाने वाचतो, ते सर्व अदमासाच्या शिलकेचे आकडे आहेत. शेवटला थर उपसला जाईपर्यंत त्यांची रुजवात होणे शक्य नाही. आणि शेवटला थर कोणीही उपसणार नाही हे आता जवळजवळ निश्चित दिसत असल्यामुळे ती रुजवात कधीकाळी होईल अशीही आशा बाळगण्याचे कारण उरलेले नाही. मग हे आकडे आहेत तरी काय, ते कोण मांडतो, कोणत्या नियमाने मांडतो आणि ते दर पंचवीस-तीस वर्षांनी एवढे का बदलतात, हा पुढील प्रकरणांचा विषय होय.

महसूल खात्यातलाच एक दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. पीक उभे असतानाच बांधावर उभे राहून, नजरेने ते सोळा आण्यांपैकी किती आण्यांचे आहे हे ठरवण्याची जी आणेवारीची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात ज्वारीचे एकही कणीस तोलले जात नसे, आणि तरीही त्या आण्यांवर साऱ्याची सूट, तहकुबी आणि कित्येक कुटुंबांचे वर्ष अवलंबून असे. रयतेला आणे कमी हवे असत, सरकारला जास्त. आणि पाहणी करणारा अंमलदार कितीही सचोटीचा असला तरी तो पिकाकडे पाहताना खात्याच्या नियमाकडेही एक डोळा ठेवूनच पाहत असे. कोळशाची आणेवारी करणाराही असाच एका विशिष्ट बांधावर उभा असतो, एवढी खूणगाठ वाचकाने मनाशी बांधली म्हणजे पुढचा पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

बडोद्यात बसून कोळशावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. येथे झरिया नाही, राणीगंज नाही. आपल्या वऱ्हाडाच्या पलीकडे वर्धेच्या खोऱ्यात चंद्रपूर-बल्लारपूरकडे जे काळे थर उघडे पडलेले दिसतात, तसलेही काही येथे नाही. मियागाम आणि डभोई यांच्या दरम्यान १८६२ साली खंडेराव महाराजांनी जी अरुंद रुळांची गाडी सुरू केली, ती प्रथम बैल ओढीत असत, आणि वाफेच्या इंजिनाजोगे भारी रूळ तेथे पडण्यास १८७३ साल उजाडावे लागले. परंतु ज्या राज्यकर्त्याच्या काळात हे शहर खऱ्या अर्थाने घडले, त्या सयाजीराव महाराजांची एक खोड अशी होती की आपल्या राज्यात काय आहे याची त्यांना कागदोपत्री नोंद हवी असे; ग्रंथ किती, शाळा किती, आणि जमिनीखाली काय, तेही. म्हणून भारतीय भूस्तर-सर्वेक्षण खात्यात १८५८ पासून तेहतीस वर्षे चाकरी करून १८९१ साली निवृत्त झालेल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना त्यांनी संस्थानच्या सेवेत घेतले. मद्रासजवळ पल्लावरम येथे १८६३ साली अश्मयुगीन हत्यार ओळखून भारतीय प्रागितिहासाचा पाया ज्यांनी घातला तेच हे फूट. वडोदरे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार तुकड्यांत विखुरलेले संस्थान त्यांनी पालथे घातले आणि १८९८ साली बडोदे संस्थानच्या भूस्तररचनेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

उत्तरेकडच्या कडी प्रांतात, म्हणजे आजच्या मेहसाणा जिल्ह्याच्या बाजूस, फूट हिंडले तेव्हा त्यांच्या पायाखाली सर्वत्र गाळ आणि वाळू होती, आणि भूस्तरशास्त्रज्ञाला अशा मुलखात करण्यासारखे फार थोडे असते. साबरमतीच्या काठी सादोलिया आणि पेढामली या गावांजवळ त्यांना आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया १९४१ साली गुजरातेत शोधयात्रेला निघाले ते याच खुणांचा माग घेत. हत्यारे वर पडलेली होती म्हणून दिसली. त्याच प्रांताच्या गाळाखाली, मैल-अर्धा मैल खोल, कोळसा पसरलेला आहे हे फूट यांना कळण्याचा काहीही मार्ग नव्हता.

तो कळला तो कोळसा शोधणाऱ्यांना नव्हे. खंभातजवळ लुणेज येथे १९५८ साली तेल आणि वायू लागला, १९६० साली अंकलेश्वर लागले, आणि तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या वेधनयंत्रांनी उत्तरेस कलोल-मेहसाण्याकडे मोर्चा वळवला. तेलासाठी पाडलेल्या या विहिरींतून वर येणाऱ्या चुऱ्यात पुन्हःपुन्हा काळे कण येऊ लागले. तेलवाल्याला कोळसा म्हणजे वाटेतला अडथळा. तो त्याची नोंद करतो आणि पुढे खाली जातो. पण विहिरी शेकड्यांनी पडल्या, नोंदी जुळत गेल्या, आणि चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत साचलेले हे थर सुमारे ७०० ते १७०० मीटर खोलीच्या दरम्यान दूरवर पसरलेले आहेत असे दिसून आले. त्या कोळशाचा जो ढोबळ अदमास सांगितला जातो तो ६३ अब्ज टनांचा आहे. संपूर्ण भारताचा सर्व प्रकारचा दगडी कोळसा, सरकारी मोजणीप्रमाणे, १ एप्रिल २०२२ रोजी ३६१ अब्ज टन होता, हे शेजारी ठेवले म्हणजे ६३ अब्जांचे गांभीर्य ध्यानात यावे. आणि तरीसुद्धा हा कोळसा त्या ३६१ मध्ये धरलेला नाही.

तो लपवलेला नाही, विसरलेलाही नाही. तो नियमात बसत नाही, एवढेच. आपल्याकडची कोळशाची मोजणी १९५७ साली ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या पायावर उभी आहे. त्या पद्धतीप्रमाणे वेधनाचे छिद्र जेथे पडले तेथून २०० मीटरांच्या आतला कोळसा 'सिद्ध' मानायचा. छिद्रे किलोमीटर-दोन किलोमीटर अंतरावर असतील तर मधला कोळसा 'निर्देशित'. आणि त्याहूनही विरळ पुराव्यावर जो धरावा लागतो तो 'अनुमानित'. सामान्यतः ०.९ मीटरपेक्षा पातळ थर हिशेबात घ्यायचा नाही आणि १२०० मीटरांच्या खाली उतरायचे नाही. वाचकाने या २०० मीटरांवर क्षणभर थांबावे. छिद्राची रुंदी वीतभर. त्यातून वर आलेला गाभा मुठीत मावेल एवढा. आणि त्याच्या साक्षीवरून सभोवारच्या तीस एकरांतला कोळसा 'सिद्ध' म्हणून दफ्तरी दाखल होतो. यात फसवणूक नाही. थर असे अकस्मात तुटत नाहीत हा दीडशे वर्षांचा अनुभव त्यामागे आहे, आणि जेथे ते तुटतात तेथे खाणमालकाचे दिवाळे वाजते हाही त्याच अनुभवाचा भाग आहे. त्या ३६१ अब्जांपैकी 'सिद्ध' म्हणून मांडलेले १८७ अब्ज टन होते. जगाच्या ऊर्जेची वार्षिक आकडेवारी तेव्हा छापणाऱ्या ब्रिटिश पेट्रोलियमच्या २०२० अखेरच्या कोष्टकात मात्र भारताच्या नावावर १११ अब्जच मांडलेले आहेत. एक दफ्तर जमिनीत काय आहे ते सांगते, दुसरे त्यातून हाती काय येण्यासारखे आहे ते सांगण्याचा यत्न करते. माझ्या आजोबांच्या भाषेत एक आकार आहे आणि दुसरा वसूल.

आकार आणि वसूल यांच्यामध्ये जी दरी पडते ती कशाकशाने पडते, हे सांगण्यात पुस्तकाचा मोठा भाग खर्ची पडला आहे, आणि तो मी हौसेने लिहिला आहे. खांब ठेवून कोळसा काढण्याच्या जुन्या पद्धतीत छताला आधार म्हणून अर्ध्याहून अधिक कोळसा खांबांच्या रूपाने जागीच सोडावा लागतो. तो काढायचा तर वरची जमीन खचते, आणि वर गाव, नदी किंवा लोहमार्ग असला तर खचू देता येत नाही. झरियाच्या खाणींत १९१६ साली पहिल्याने नोंदली गेलेली आग आजही पुरती विझलेली नाही, आणि तिच्या आसपासचा उत्तम प्रतीचा कोळसा कागदावर शिल्लक असून वापराला गहाळ आहे. शिवाय टन आणि टन सारखे नसतात. आमच्या गुजरातेतला लिग्नाइट, ज्याला तपकिरी कोळसा म्हणतात, खाणीतून निघतो तेव्हा त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक पाणीच असते. गोंडवन काळच्या आपल्या दगडी कोळशात पाणी कमी पण राख उदंड. दोहोंची बेरीज टनांत करणे म्हणजे दूध आणि ताक एकाच मापाने मोजून दुभत्याचा हिशेब देण्यासारखे आहे, आणि जगातली बहुतेक कोष्टके नेमके तेच करतात.

लिग्नाइटचा विषय निघालाच आहे तर एक विषयांतर वाचकाने सहन करावे. वडोदऱ्याजवळ रणोली येथे मुख्य कचेरी असलेल्या गुजरात इंडस्ट्रीज पॉवर कंपनीचे एक वीजकेंद्र सुरत जिल्ह्यात नानी नरोली येथे आहे आणि त्याला लागणारा लिग्नाइट वस्तान येथील उघड्या खाणीतून निघतो. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे भारतभूमीची आशियाशी धडक होण्याच्या सुमाराच्या या थरांत शास्त्रज्ञांना आदिम वटवाघळांच्या हाडांचे अवशेष मिळाले, घोडा आणि गेंडा यांच्या कुळाशी नाते सांगणारा 'कॅम्बेथेरियम' नावाचा प्राणी मिळाला, आणि डिंकाच्या खड्यांत जसेच्या तसे अडकलेले कीटक मिळाले. वीजकेंद्राच्या दृष्टीने ती सारी खाण म्हणजे अमुक टन इंधन. प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तीच खाण म्हणजे दर पावसाळ्यानंतर नव्याने उघडणारे ग्रंथालय, ज्यातली पुस्तके वाचून होण्याआधीच भट्टीत जातात. कोळशाच्या साठ्याच्या कोणत्याही हिशेबात या दुसऱ्या मालमत्तेचा रकाना नाही. तो असावा असे मी म्हणत नाही; पण वस्तानचा आकडा पाहिला की मला प्रथम ती वटवाघळे आठवतात, त्याला माझा इलाज नाही.

आता मूळ प्रश्नाच्या इतिहासाकडे वळू, कारण अदमास कसे चुकतात हे पाहिल्याखेरीज अदमास म्हणजे काय हे कळत नाही. इंग्लंडात एडवर्ड हल या भूस्तरशास्त्रज्ञाने १८६१ साली आपल्या देशाचा कोळसा ४००० फूट खोलीपर्यंत मोजून सुमारे ८० अब्ज टनांवर आणला. चारच वर्षांनी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तिशीच्या आतल्या अर्थशास्त्रज्ञाने त्या आकड्याला वाढत्या खपाचे गणित जोडले. खप दरसाल शेकडा साडेतीन या गतीने वाढतो आहे, तसाच वाढत राहिला तर १९६१ साली ब्रिटनला वर्षाला २६०७ दशलक्ष टन कोळसा लागेल आणि तो देण्याचे सामर्थ्य त्या भूमीत नाही, असे त्याने दाखवून दिले. त्याचे म्हणणे असे नव्हते की एके दिवशी खाणीत कुदळ मारली तर कोळसाच नसेल; म्हणणे एवढेच की खाण जसजशी खोल जाईल तसतसा कोळसा महाग होईल आणि महागाईच राष्ट्राचा गळा आवळील. हा मुद्दा आजही बावनकशी आहे. पार्लमेंट हादरले, १८६६ साली शाही आयोग बसला, आणि पाच वर्षांच्या खटाटोपानंतर त्याने साठा १४६ अब्ज टन असल्याचे जाहीर केले. हलच्या जवळजवळ दुप्पट. पुढे १९०५ साली दुसऱ्या आयोगाने सिद्ध क्षेत्रांपुरता तो १०१ अब्जांवर आणून ठेवला. या अवधीत कोळसा ना वाढला होता ना फारसा आटला होता. ब्रिटनचे उत्पादन १९१३ साली २८७ दशलक्ष टनांवर शिखराला पोहोचले आणि मग उतरत गेले. १९६१ साली, जेव्हन्सच्या २६०७ च्या जागी, ते दोनशे दशलक्षांच्याही खाली होते. जेव्हन्स स्वतः इतका साठेबाज वृत्तीचा होता की त्याने घरात रचून ठेवलेला कागद त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीही त्याच्या मुलांना संपवता आला नव्हता, असे अर्थशास्त्रज्ञ केन्सने लिहून ठेवले आहे. संपण्याची धास्ती ज्याला इतकी जडलेली असते त्याच्या भाकितांना ती आतून रंग देत असेल काय, हा प्रश्न मला पडतो. उत्तर माझ्यापाशी नाही.

सबंध जगाची पहिली मोठी मोजदाद १९१३ साली टोरांटो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूस्तरशास्त्र परिषदेने तीन जाड खंडांत मांडली. तिची बेरीज सुमारे ७४०० अब्ज टन होती. ब्रिटिश पेट्रोलियमच्या कोष्टकात २०२० अखेर जगाचा साठा १०७४ अब्ज टन आहे. मधल्या शतकात मनुष्यजातीने जाळलेला सगळा कोळसा या दोहोंच्या वजाबाकीत घातला तरी ती तूट भरून निघण्याच्या जवळपासही जात नाही. उरलेला कोळसा कुठे गेला? कुठेही गेला नाही. जेथे होता तेथेच आहे. टोरांटोच्या मंडळींनी फूटभर जाडीचा थरदेखील मोजला होता आणि काही ठिकाणी ६००० फुटांपर्यंत उतरून मोजला होता; त्यांनी आकार सांगितला. पुढच्या पिढ्यांनी वसुलाच्या कसोट्या एकेक करून लावल्या आणि दर कसोटीगणिक लक्षावधी कोटी टन खात्यातून खाली पडले.

असे खाली पडणे कधीकधी फारच नाट्यमय असते. जर्मनीने आपला दगडी कोळसा अनेक वर्षे २३ अब्ज टन म्हणून सांगितला होता. २००४ साली तोच देश १८३ दशलक्ष टन सांगू लागला, म्हणजे शंभरातले नव्याण्णव हिस्से एका रेघेने वजा झाले. अनुदानावर तगलेल्या त्या खाणी जगातल्या भावाने कधीच परवडणार नाहीत हे जे सर्वांना ठाऊक होते, ते अखेर वहीत लिहिले गेले, इतकेच. बोट्रॉपची शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली तेव्हा वर आणलेला अखेरचा कोळशाचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हाती समारंभपूर्वक देण्यात आला. खाली मात्र अब्जावधी टन तसेच राहिले. याच्या अगदी उलट टोकाला चीन. तेथील खाणी वर्षाला अब्जावधी टन उपसू लागल्या तरी आंतरराष्ट्रीय कोष्टकांत त्या देशाचा साठा १९९२ पासून पंधरा-वीस वर्षे ११४.५ अब्ज टन हाच छापला जात होता. ज्या कोठीतून रोज पोती बाहेर पडतात आणि जिची शिल्लक कधी हलत नाही, अशा कोठीच्या कारभाऱ्याला आजोबांनी काय केले असते, याची कल्पना मी करू शकतो.

सगळ्यांत बोधप्रद उदाहरण मात्र अमेरिकेच्या वायोमिंग प्रांतातील जिलेट क्षेत्राचे आहे, आणि त्याला मी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. तेथील सरकारी सर्वेक्षण खात्याने २००८ साली हिशेब केला तो असा की जमिनीत मुळात २०१ अब्ज टन कोळसा. गावे, रस्ते, नद्या आणि खाणकामातील नासधूस वजा जाता काढता येण्याजोगा ७७ अब्ज. आणि टनाला साडेदहा डॉलर भावाने काढणे परवडेल असा फक्त १० अब्ज. त्याच अहवालात पुढे म्हटले आहे की भाव चौदा डॉलरांवर गेला तर हा शेवटचा आकडा साडेअठरा अब्ज होईल. म्हणजे बाजारात साडेतीन डॉलरांची तेजी आली की जमिनीला हातही न लावता आठ अब्ज टन कोळसा 'निर्माण' होतो, आणि मंदी आली की तो नाहीसा होतो. यावर काही विद्वान असे म्हणतात की मग साठा हा शब्दच निरर्थक आहे. मला ते पटत नाही. शेतातल्या उभ्या पिकाचे आणे भावावर ठरत नसले तरी कापणीची मजुरी परवडते की नाही हे भावावरच ठरते, आणि कापणी न परवडणारे पीक शेतकरी पिकात धरीत नाही, गुरे सोडतो.

'कोळसा किती वर्षे पुरेल?' या प्रश्नाचे जे उत्तर सर्वत्र दिले जाते, ते साठ्याला चालू वर्षाच्या उत्पादनाने भागून काढलेले असते. २०२० च्या आकड्यांनी ते १३९ वर्षे येते. पण त्या वर्षी महामारीमुळे जग अर्धे बंद होते. २०२३ साली जागतिक उत्पादन नऊ अब्ज टनांच्या आसपास गेले, आणि त्याच साठ्याला त्या वर्षाने भागले तर १२० वर्षेच उरतात. म्हणजे तीन वर्षांत जगाचे वीस वर्षांचे आयुष्य गेले! आणि उत्पादन दरसाल शेकडा तीन वाढत राहते असे धरले, तर १३९ वर्षांचा साठा पंचावन्न वर्षांतच आटोपतो. ज्याला चक्रवाढ व्याजाचा हिशेब येतो त्याने तो पडताळून पाहावा. भागाकार बिनचूक असतो, पण भाज्य अदमासाचा आणि भाजक अस्थिर, अशा भागाकाराच्या उत्तरावर राष्ट्राची धोरणे ठरवणारे लोक पाहिले म्हणजे आजीचा डब्यातला हात अधिक विश्वासार्ह वाटू लागतो.

जेव्हन्सच्या काळी कोळसा संपेल ही भीती होती. आता भीती उलटी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील दोन संशोधकांनी २०१५ साली असा हिशेब मांडला की पृथ्वीचे तापमान दोन अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल तर २०५० पर्यंत आज ज्ञात असलेल्या वसुलीयोग्य कोळशाचेही शंभरातले ऐंशीहून अधिक हिस्से जमिनीतच राहिले पाहिजेत. ज्या ब्रिटनने हा प्रश्न प्रथम विचारला, तेथील शेवटची खोल खाण केलिंगली २०१५ च्या डिसेंबरात मिटली आणि कोळशावरचे अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. शाही आयोगांनी मोजलेल्या कोळशाचा केवढा तरी भाग खाली तसाच पडून आहे. त्याच सुमारास आपल्या देशाने २०२४-२५ या आर्थिक वर्षात पहिल्यांदाच एक अब्ज टनांहून अधिक कोळसा काढला, आणि तो जाळल्यावाचून आज तरी आपले दिवे लागत नाहीत. या दोन वाक्यांतील विरोध मिटवण्याचा यत्न मी पुस्तकात केलेला नाही; तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि साठ्याच्या कोष्टकातून त्याचे उत्तर निघेल असे समजणाऱ्यांनी कोष्टकावर त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे टाकले आहे असे मला वाटते.

परिभाषेविषयी दोन शब्द. सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या आठ भाषांच्या राज्यव्यवहारकोशाने मला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली, ती ही की कचेरीत चालणारा शब्द बाजारातही चालला पाहिजे. म्हणून भूगर्भात जे काही आहे त्या सर्वाला मी 'संचय' म्हटले आहे, आणि चालू भावाने व चालू साधनांनी त्यातला जो भाग काढणे परवडते त्यालाच 'साठा' म्हटले आहे. 'सिद्ध', 'निर्देशित' आणि 'अनुमानित' हे शब्द वर सांगितलेल्या अर्थानेच घ्यावेत. टन सर्वत्र मेट्रिक आहे. ब्रिटनचे जुने आकडे आणि जिलेट यांच्या बाबतीत मात्र मूळचे इंग्रजी व अमेरिकी टन तसेच ठेवले आहेत, कारण असल्या अदमासाला दशांश चिन्हापुढची अचूकता आणून चिकटवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

राहता राहिला मेहसाण्याचा कोळसा. तो इतका खोल आहे की माणूस खाली उतरवून काढणे आजच्या साधनांनी व्यवहार्य मानले जात नाही. जमिनीखालीच पेटवून त्याचा वायू वर आणावा, जसा उझबेकिस्तानात अंग्रेन येथे कित्येक दशके आणला गेला, असा एक विचार आहे. त्या दिशेने पहिला प्रयोग वस्तानच्या उथळ लिग्नाइटवर करण्याची तजवीज तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने रशियातील खाणकाम संस्थेच्या साहाय्याने केली होती, पण ती भट्टी काही पेटली नाही. मेहसाण्याकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा एरंडी आणि जिऱ्याची शेते लागतात, मध्येच तेल उपसणाऱ्या यंत्राची लोखंडी मान खालीवर होताना दिसते, आणि त्यांच्याखाली तो कोळसा आहे, इतकेच आज सांगता येते. ६३ अब्जांचा तो आकडा मी पुस्तकातल्या कोणत्याही बेरजेत धरलेला नाही. शेवटच्या कोष्टकात त्याच्यासाठी तळाशी एक वेगळी ओळ आखली आहे, आणि तिच्यासमोरचा शेऱ्याचा रकाना कोरा सोडला आहे.